मनाच्या डॉक्टरांकडे पहिली भेट

दात ठणकू लागला की आपण दंतवैद्याकडे जातो. फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली की डोळे तपासून घेतो. कोणाचा हात मोडला तर वर्गातले मित्र त्याच्या प्लॅस्टरवर हौसेने सह्या करतात. परंतु ‘मला मनोविकारतज्ज्ञांकडे जायचे आहे’ हे वाक्य मात्र आपल्या घशातच अडकते. ते आईला कसे सांगावे, बाबा काय म्हणतील, शेजारपाजारी कळले तर काय होईल, आणि तो डॉक्टर नेमके करतो तरी काय, अशा प्रश्नांनीच माणूस अर्धा खचतो.

यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्या तीन प्रश्नांचा धाक बराच कमी होतो. म्हणून या लेखात आपण ही पहिली भेट पायरीपायरीने समजावून घेऊ. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. त्यामुळे प्रयोगशाळेत आपण ज्या क्रमाने जातो, म्हणजे निरीक्षण, मोजमाप, अनुमान आणि पुन्हा निरीक्षण, त्याच क्रमाने येथेही जाऊ.

हे डॉक्टर कोण असतात?

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम डॉक्टर असतो. इतर डॉक्टरांप्रमाणेच तो एम.बी.बी.एस. ही पदवी घेतो. शरीररचना, हृदय, फुफ्फुसे, औषधे सारे शिकतो. त्यानंतर मनोविकार या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतो. म्हणून तो नाडी पाहू शकतो, रक्ततपासणी सांगू शकतो आणि औषध लिहून देऊ शकतो. या शास्त्राला ‘सायकिअ‍ॅट्री’ हे नाव योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने १८०८ साली दिले. मन आणि उपचार या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनलेले आहे.

याच क्षेत्रात आणखी दोन प्रकारची माणसे आपल्याला भेटतात. मानसशास्त्रज्ञ हे मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले असतात. ते चाचण्या घेतात आणि संवादाच्या साहाय्याने उपचार करतात, पण औषधे लिहून देत नाहीत. समुपदेशक आपल्या अडचणी ऐकून घेऊन वाट शोधण्यास मदत करतात. पुष्कळदा हे तिघे मिळून काम करतात. कोणाकडे आधी जावे हे ठरत नसेल, तर आपल्या नेहमीच्या कुटुंबवैद्यांना विचारावे. ते योग्य ठिकाणी चिठ्ठी देतात.

कधी जावे?

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे हा आजार नव्हे. मित्राशी भांडण झाल्यावर दोन दिवस मन उदास राहणे हाही आजार नव्हे. झोका एकदा ढकलला तर तो मागेपुढे होतो आणि हळूहळू स्थिर होतो. मनाचेही सामान्यतः तसेच असते. पण धक्का संपूनही झोका थांबत नसेल, किंवा कोणी ढकललेले नसताना तो हलत असेल, तर आपण कारण शोधतो.

येथे तीन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे कालावधी: त्रास दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आहे काय? दुसरी तीव्रता: रडू, भीती, चिडचिड किंवा सुन्नपणा आवरता येत नाही असे होते काय? तिसरी परिणाम: झोप, जेवण, अभ्यास, खेळ, मित्रांशी बोलणे यांत स्पष्ट फरक पडला आहे काय? या तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तर डॉक्टरांना भेटावे. इतर कोणाला न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, सारेजण आपल्यावर टपले आहेत असे वाटणे, किंवा जगू नये असे वाटणे, यांपैकी काही असेल तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी घरातील मोठ्या माणसाला सांगावे.

असे काही होणारे आपण एकटेच नसतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलामुलींत मनाच्या आजारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. हे प्रमाण साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला लावून पाहा. उत्तर चारांहून अधिक येते. म्हणजे तुमच्या वर्गातही असे चार-पाच जण असू शकतील, आणि त्यांच्यापैकी कोणीही ते कपाळावर लिहून हिंडत नाही.

भेटीत काय घडते?

समजा, अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. गेले महिनाभर तिला पहाटे तीनला जाग येते. पुस्तक उघडले की एकच ओळ पाच वेळा वाचावी लागते. तिची आवडती पेटी कोपऱ्यात धूळ खात पडली आहे. तिने धीर करून आईला सांगितले आणि दोघी जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या.

प्रथम केसपेपर निघतो. नंतर बाकावर बसून वाट पाहावी लागते. बाकावर शेजारी कोण दिसते? एक शिक्षिका, एक रिक्षाचालक, नातवाचा हात धरून आलेले आजोबा. चित्रपटांत दाखवतात तशी आरडाओरड बहुधा दिसत नाही. आत गेल्यावर टेबल, खुर्च्या, रक्तदाब मोजण्याचे उपकरण असते. लांबलचक कोच नसतो. तो कोच व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडमुळे प्रसिद्ध झाला आणि व्यंगचित्रांत कायमचा राहिला.

‘बस. काय त्रास होतोय, तुझ्या शब्दांत सांग,’ असे म्हणून डॉक्टर सुरुवात करतात. त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काही घडले होते काय, झोप किती, भूक कशी, वजन कमी झाले काय, अभ्यासात लक्ष लागते काय, पूर्वी कोणते आजार झाले, घरात कोणाला असा त्रास होता काय, सध्या कोणते औषध चालू आहे, तंबाखू किंवा दारूचा संबंध आला आहे काय, असे प्रश्न येतात. यांतील काही प्रश्न ऐकून संकोच वाटेल. पण डॉक्टर चारित्र्याचा दाखला लिहीत नसतात. ते कारणांची यादी लहान करीत असतात.

मग ते आईशी काही वेळ बोलतात, आणि नंतर आईला बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलतात. आईसमोर न सांगता येणाऱ्या गोष्टी सांगण्यासाठी हा वेळ असतो. तो मिळाला नाही, तर ‘मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे’ असे तुम्ही स्वतः म्हणू शकता.

बोलणे चालू असताना डॉक्टर आणखी एक काम करीत असतात. तुमचे बोलणे संथ आहे की भरभर, चेहऱ्यावरील भाव बोलण्याशी जुळतात काय, विचारांची साखळी तुटते काय, आज वार कोणता हे ठाऊक आहे काय, मघाशी सांगितलेले तीन शब्द आठवतात काय, हे ते पाहतात. याला मनःस्थिती-परीक्षण म्हणतात. छातीला स्टेथोस्कोप लावणे जसे, तसेच हे.

एक प्रश्न बहुधा येतोच: ‘जीव द्यावा असे कधी मनात येते काय?’ हा प्रश्न ऐकून दचकू नये. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अभ्यासांवरून दिसून आले आहे. उलट, मनात तो असेल तर बोलल्याने भार हलका होतो आणि डॉक्टरांना तातडी कळते. उत्तर खरे द्यावे.

पहिली भेट बहुधा पुढच्या भेटींपेक्षा मोठी असते. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात ती थोडक्यात आटोपते, आणि उरलेली माहिती पुढच्या वेळी घेतली जाते.

मीटर कोठे लावतात?

आता तुमच्यातील चौकस विद्यार्थी विचारील, ‘ताप थर्मामीटरने मोजतात. उदासी कशाने मोजणार?’ प्रश्न अगदी योग्य आहे.

मेंदूत विद्युत्‌ क्रिया चालते हे खरे. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून तिची पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. त्या नोंदीला आपण ई.ई.जी. म्हणतो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा विद्युद्दाब व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यांतील काही दहा भाग एवढाच असतो. तुमच्या विजेरीतील घटाचा दाब दीड व्होल्ट असतो, म्हणजे या दाबाच्या काही दहा हजार पट. अपस्मार ओळखण्यास ई.ई.जी.चा मोठा उपयोग होतो. पण या रेषांवरून किंवा मेंदूच्या छायाचित्रावरून ‘याला नैराश्य आहे’ असे आज सांगता येत नाही.

मग डॉक्टर अंदाजाने बोलतात काय? नाही. ज्या राशीसाठी एकच मीटर नसतो, तिच्यासाठी निरीक्षणाचे ठरावीक नियम करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात नैराश्याच्या झटक्यासाठी दहा लक्षणांची यादी आहे. त्यांतील निदान पाच लक्षणे, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे असावी लागतात, आणि त्या पाचांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी हवेच. अशा नियमांमुळे नागपूरचा डॉक्टर आणि पणजीचा डॉक्टर एकाच रुग्णाविषयी सारखे अनुमान काढण्याची शक्यता वाढते.

यासाठी प्रश्नावल्याही असतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला यावर ० ते ३ गुण दिले जातात, म्हणजे एकूण जास्तीत जास्त २७. एकट्या गुणांवरून निदान होत नाही. पण आज १६ गुण आणि दीड महिन्याने ७ गुण आले, तर उपचार लागू पडतो आहे हे आकड्यांत दिसते.

काही वेळा कारण मनात नसून शरीरात असते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंद चालली तर माणूस थकतो, सुस्तावतो, उदास होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा रक्तातील हीमोग्लोबिनची कमतरताही थकवा आणते. म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. हे टाळून थेट निष्कर्ष काढणे म्हणजे शून्यत्रुटी न पाहता व्हर्निअरने वाचन घेणे होय.

औषध आणि त्याचे गणित

प्रत्येकाला गोळी मिळतेच असे नाही. सौम्य त्रासात पुष्कळदा झोपेच्या सवयी, व्यायाम आणि मानसशास्त्रज्ञांशी ठरावीक बैठकी यांनीच भागते. त्रास अधिक असेल तेव्हा औषधही देतात. अशा औषधांचा इतिहास फार जुना नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन केड याने १९४९ साली लिथियमचा उपयोग दाखविला. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझीन वापरात आले. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून याने १९५७ साली इमिप्रामीनचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला. त्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती फारच थोडे होते.

गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले नाही म्हणून अनेकजण ती सोडून देतात. हे चूक का, ते आपण किरणोत्सर्गाच्या पाठात शिकलेल्या अर्धायुष्याच्या साहाय्याने पाहू. नैराश्यावरील काही औषधांचे शरीरातील अर्धायुष्य सुमारे एक दिवस असते. म्हणजे आज जेवढे औषध शरीरात आहे, त्याच्या निम्मे उद्या याच वेळी उरते. समजा एका गोळीत १०० एकके आहेत आणि रोज एक गोळी घ्यायची आहे.

पहिल्या गोळीनंतर शरीरात १०० एकके. दुसऱ्या दिवशी त्यांतील ५० उरतात, त्यांत १०० मिळवून १५०. तिसऱ्या दिवशी ७५ अधिक १००, म्हणजे १७५. चौथ्या दिवशी १८७.५. पाचव्या दिवशी १९३.७५. ही श्रेढी २०० च्या जवळ जवळ जाते, पण ती ओलांडत नाही. म्हणजे पाच दिवसांत सुमारे ९७ टक्के पातळी गाठली गेली. आता गोळी अचानक बंद करा: २००, १००, ५०, २५, १२.५. जी पातळी आठवडाभराने जमवली, ती चार दिवसांत ओसरली. काही औषधांच्या बाबतीत अशा घसरणीने चक्कर, मळमळ, बेचैनी होते. म्हणूनच ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करावी लागतात. एक गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दोन घेऊ नयेत.

पण पातळी आठवड्यात स्थिर झाली तरी मन सुधारण्यास बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. औषध चेतापेशींमधील रासायनिक निरोप्यांचे प्रमाण लवकर बदलते. त्या बदलाशी पेशींनी जुळवून घ्यायला मात्र वेळ लागतो. ‘एक रसायन कमी पडले की नैराश्य’ इतके सोपे समीकरण आज शास्त्रज्ञ मानीत नाहीत. औषधांचे पूर्ण कार्य कसे चालते यावर संशोधन चालू आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. लहान व तरुण रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा जिवाविषयीचे वाईट विचार काही वेळा वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली तशी ठळक सूचना औषधांच्या माहितीपत्रकावर छापावयास लावली. म्हणून दुसरी भेट लवकर ठेवतात, आणि ती चुकवू नये. असा बदल दिसला तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

गुपित राहते काय?

आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. त्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टर शाळेला किंवा शेजाऱ्यांना परस्पर काही सांगू शकत नाहीत. मात्र अठरा वर्षांखालील मुलांच्या उपचारांसाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे पालकांना उपचाराची दिशा सांगितली जाते. जिवाला धोका असेल, किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल, तर डॉक्टरांना गुप्तता बाजूला ठेवावी लागते. हे नियम काय आहेत ते पहिल्या भेटीतच विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

‘तेथे गेले की विजेचे झटके देतात’ ही भीतीही काढून टाका. विद्युत्‌ उपचार हा ठरावीक गंभीर आजारांत, भूल देऊन आणि स्नायू सैल करून केला जातो. याच कायद्याने भुलेशिवाय तो करण्यास बंदी घातली आहे, आणि अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीखेरीज मंडळाची पूर्वपरवानगीही आवश्यक केली आहे. पहिल्या भेटीत तो कोणी देत नाही.

भेटीची तयारी

१. प्रयोगवहीसारखी एक लहान वही करा. रोज झोपण्याची व उठण्याची वेळ, जेवण, आणि मनाची स्थिती ० ते १० या मापात लिहा. दहा-पंधरा दिवसांच्या अशा नोंदी ‘झोप नीट येत नाही’ या एका वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतात. मात्र या नोंदींसाठी भेट पुढे ढकलू नका.

२. आधीचे आजार, चालू औषधे व तपासणीचे जुने कागद बरोबर न्या.

३. तोंडाने सांगणे अवघड वाटत असेल तर कागदावर लिहून तो डॉक्टरांच्या हाती द्या.

४. निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: मला काय झाले असावे? उपचार कोणता आणि किती दिवस? कोणते दुष्परिणाम दिसू शकतात? पुन्हा केव्हा यायचे?

पहिल्या भेटीत आजाराचे नाव निश्चित झाले नाही तरी निराश होऊ नका. एका वाचनावरून आपणही निष्कर्ष काढत नाही. एखाद्या डॉक्टरांशी बोलणे जुळले नाही, तर दुसऱ्यांकडे जाता येते.

जावे कोठे? बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि गोव्यात बांबोळी येथे स्वतंत्र संस्था आहे. लगेच कोणाशी बोलायचे असेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

शिक्षकांसाठी दोन शब्द

पुढच्या बाकावरचा विद्यार्थी अचानक मागे बसू लागला, वह्या अपुऱ्या राहू लागल्या, डबा तसाच परत जाऊ लागला, तर त्याला वर्गात उभे करून कारण विचारू नये. तास संपल्यावर बाजूला घेऊन ‘हल्ली तू गप्प असतोस, काही त्रास आहे का?’ एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. ‘वेडा’, ‘मेंटल’ हे शब्द वर्गात थट्टेनेही चालू देऊ नयेत. ज्याला खरोखर मदत हवी असते, तो ते ऐकून आणखी आठ दिवस गप्प बसतो.

आपण मघाशी ज्या मुलीचे उदाहरण घेतले, तिने महिनाभर थांबून आईला सांगितले. तुमच्यावर किंवा तुमच्या मित्रावर अशी वेळ आली, तर महिना लावू नका. एका विश्वासाच्या माणसाला एक वाक्य सांगणे, एवढीच पहिली पायरी आहे.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणातील औषधाची पातळी आलेख कागदावर काढा. क्ष-अक्षावर दिवस व य-अक्षावर गोळी घेतल्यानंतरची एकके घ्या. सहाव्या व सातव्या दिवशीची पातळी काढा.

२. एखाद्या औषधाचे अर्धायुष्य १२ तास आहे आणि १०० एककांची गोळी २४ तासांनी एकदा घेतली जाते. गोळी घेतल्याबरोबर असणारी पातळी कोणत्या संख्येच्या जवळ जाईल?

३. थर्मामीटरने ताप मोजणे आणि प्रश्नावलीने उदासी मोजणे यांतील दोन साम्ये व दोन फरक लिहा.

(उत्तरे: १. १९६.८७५ व १९८.४३७५. २. सुमारे १३३.३.)